उपास कोणाचा?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझ्या शेजारची सून मूल व्हावे म्हणून सोळा सोमवार करते. नवरा मात्र गॅलरीत खुशाल तंबाखू मळत उभा असतो. परवा तिने मला हळूच विचारले, "बाई, माझ्यातच काही खोट असेल का हो?"

मला र. धों. कर्वे आठवले. संततिनियमनाचा पुरस्कार केला म्हणून लोकांनी त्यांना नावे ठेवली; पण १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी शरीराचे ज्ञान स्त्री-पुरुष दोघांपुढेही मांडले. ते ज्ञान आज सांगते, की पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी स्त्रीबीज सुटते. तो दिवस आणि त्याआधीचे ५ दिवस गर्भधारणेला अनुकूल. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, आणि तंबाखूने त्याचेही बीज दुबळे होते.

तिच्या श्रद्धेला मी हसणार नाही. पण व्रत म्हणजे संयम, तर तो एकटीनेच का पाळावा?

मी म्हटले, "सोमवार तू कर, तंबाखू त्याला सोडू दे. वर्षभरात दिवस गेले नाहीत, तर दवाखान्यात जोडीने जा. मूल झाले तर दोघांचे. न झाले तरी तू उणी नव्हेस."