वारा फिरलाय

आम्हा पिंपरी-चिंचवडकरांचा पाण्याशी संबंध तसा नळापुरता. 2019 च्या नोव्हेंबरात नळही एक दिवसाआड येऊ लागला, तेव्हा आमचा जलविषयक व्यासंग पिंपाच्या काठाशी येऊन थांबला. गावातून पवना वाहते हे खरे. पण तीसुद्धा मुळा, भीमा, कृष्णा असे करत बंगालच्या उपसागराला जाते, आणि आम्हाला समुद्राची हुक्की आली की आम्ही ताम्हिणी घाट उतरून बरोब्बर उलट्या दिशेला! अशा माणसांनी समुद्राविषयी मत देऊ नये. पण मोटारीत पाच तास अंग आंबवून आलेल्या माणसाला मत असतेच.

राजपुरीच्या धक्क्यावर, मे अखेरीला, असे एक मत आमच्या स्नेह्यांनी मांडले. हे चाकणच्या एका कारखान्यात उत्पादनाचे साहेब. समोर जंजिरा अगदी हाकेवर. सकाळपासून आभाळ तीनदा दाटले आणि तीनदा उघडले होते. तांडेलाने दक्षिणेकडे पाहिले, शीड गुंडाळायला घेतले आणि म्हणाला, "नाय सायेब. वारा फिरलाय."

"दुप्पट घे!"

"परत यायचा हाय ना, सायेब?"

आता गंमत पहा. दुप्पट पैशात आपण जास्तीचे काय घेतो? होडी तीच, अंतर तेच, खारा वारा तर फुकट. जादा दाम असतो तो तांडेलाच्या 'नाही'चा. ज्याच्या जाणतेपणावर भिस्त ठेवून होडीत पाय टाकायचा, त्यानेच तो जाणतेपणा घटकाभर खिशात घालावा म्हणून आपण पाकीट काढतो. "जीव माझा, पैसा माझा," हे स्नेह्यांचे दुसरे मत. पण तांडेल काही धक्क्यावर बसून होडी हाकत नाही. शिवाय रांगेत आणखी दहा-पंधरा जण होते. एका बाईच्या कडेवर तान्हे मूल होते. त्याने कुठे दुप्पट देऊ केले होते?

अर्ध्या तासाने लख्ख ऊन पडले. "बघा!" स्नेही असे म्हणाले, जणू ऊन त्यांनीच पाडले होते.

'नाही' म्हणणाऱ्याची पंचाईत नेमकी हीच. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसे बुडाली. समजा, त्या सकाळी कुणी बोट सोडलीच नसती, तर? माणसांनी त्याला शिव्या मोजल्या असत्या, दुसऱ्या दिवशी सगळी सुखरूप घरी पोचली असती, आणि त्याचा शहाणपणा शेवटपर्यंत सिद्ध झाला नसता. बुडालेल्या बोटीची तारीख लक्षात राहते. न सुटलेल्या बोटीची कोण ठेवतो?

परतताना माणगावच्या पुढे मी विषय काढला. स्नेह्यांच्या कारखान्यात लाईनीवर एक दोरी आहे, जपानात टोयोटावाल्यांनी रुजवलेल्या पद्धतीची. काही बिघडतेय असे वाटले तर साध्यातल्या साध्या कामगाराने ती ओढावी आणि लाईन थांबवावी. या दोरीवर ते तासभर सुरेख बोलतात. मी दोनदा ऐकले आहे.

"दोरी ओढल्यावर काही बिघडलेच नव्हते असे निघाले, तर पोराला काय करता?" मी विचारले.

"काही नाही. उलट पाठ थोपटतो. नाहीतर पुढच्या वेळी ओढेल का तो?"

"आणि पगार?"

"पगार का कापायचा?"

"तांडेलाचा आज कापला गेला. आठवड्याभरात पावसाळ्यासाठी होड्या बंद. चार महिने तसाही धंदा नाही."

स्नेह्यांनी काच खाली केली, वर केली. घाटाचे पहिले वळण आले.

"म्हणजे काय," ते म्हणाले, "न नेल्याचे पैसे द्यायचे होते त्याला?"