वारा, नेम आणि दायित्व

हातून सुटलेल्या कृतीवर कर्त्याचा ताबा उरत नसेल, तर तिच्या परिणामाचे दायित्व त्याच्याकडे किती जाते, हा कर्मविचारातील जुना प्रश्न आहे आणि लांबून हरणावर नेम धरणाऱ्यापुढे तो वाऱ्याच्या रूपाने उभा राहतो. शिकारीच्या साध्या रायफलीची गोळी 400 मीटर जाण्यास अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ घेते. तेवढ्यात ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे गोळीच्या मार्गाला काटकोनात वाहणारा वारा, तिला एक फूट किंवा त्याहूनही अधिक बाजूला सारतो, आणि अंतर दुप्पट झाले की हे सरकणे चौपटीच्या आसपास जाते. काळविटाच्या छातीतील वर्मभाग, म्हणजे हृदय व फुप्फुसांची जागा, त्याहून अरुंद असल्यामुळे अंदाज थोडा चुकला तरी गोळी पोटात शिरते आणि जनावर पळून जाऊन कित्येक तास तडफडते.

वारा डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. उन्हाळ्यात जवळा बाजारच्या परिसरातील काळ्या रानावर जे मृगजळ थरथरते, तेच दुर्बिणीतून पाहिले असता वाऱ्याच्या दिशेने कलून वाहताना दिसते. वेदान्ताने मृगजळ हे मिथ्या प्रतीतीचे, म्हणजे नसलेले असल्यासारखे भासण्याचे, उदाहरण मानले. येथे मात्र पाणी खोटे असले तरी त्याला कलवणारा वारा खरा असतो. तरीही ही खूण वाटेच्या एकाच टप्प्याबद्दल बोलते. मधल्या ओढ्यात किंवा हरणाजवळच्या बांधावर वारा वेगळा असू शकतो, आणि हे नेम धरणाऱ्याला आधीच ठाऊक असते.

हे ठाऊक असणेच निर्णायक आहे. दशरथाने घागर भरल्याचा आवाज हत्तीचा समजून शब्दवेधी बाण सोडला. समोर श्रावणबाळ आहे हे त्याला माहीत नव्हते, परंतु आपण न पाहता बाण सोडत आहोत हे माहीत होते, आणि म्हणूनच त्याचे अज्ञान त्याला मोकळे करत नाही. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे सावधपणाच्या अभावाशी, जोडलेली आहे. त्या कसोटीवर वाऱ्याची अनिश्चितता ही सबब न राहता प्रमादाचा पुरावा ठरते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा ठरली, हे योग्यच झाले. मात्र दायित्वाचा प्रश्न कायद्याच्या आधीपासूनचा आहे. महाराष्ट्रातील फासेपारधी फाशात सापडलेली गाभण मादी आणि पाडसे सोडून देत, अशी नोंद माधव गाडगीळ यांनी केली आहे. इंग्रजी अमदानीत ज्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्याच्या या रीतीत असलेला विवेक क्वचितच मोजला जातो. फास जनावराला जिवंत हाताशी आणतो आणि फेरविचाराला जागा ठेवतो. गोळी ती जागा ठेवत नाही.

श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'तील व्याधाची कथा महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या पंचक्रोशीत श्रद्धेने ऐकली जाते. तिच्यात हरिणी पाडसांसाठी मुदत मागते आणि व्याध बाण आवरतो. परंतु हे घडू शकते ते दोघांमधील अंतर बोलणे ऐकू येण्याइतके असते म्हणूनच, आणि चारशे मीटरांवरून कोणतीच विनवणी ऐकू येत नसल्यामुळे ती ऐकण्याचे काम नेम धरणाऱ्यालाच चाप ओढण्यापूर्वी स्वतःशी करावे लागते.