लेप आणि लपवणूक

जुनी मोटार घरीच रंगविण्याचा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही, सचोटीचाही आहे, असे आम्हांस वाटते. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी तिला घरच्या माणसासारखी जपणारी कुटुंबे आहेत. दाराच्या कडेला गंज फुटला की वरून रंगाचा हात फिरविण्याचा मोह होतो. परंतु गंज न खरवडता दिलेला रंग चार दिवस चमकतो, आणि आत पत्रा पोखरला जातो. गंज काढून, अस्तर देऊन, पातळ हात वाळवीत चढविले, तरी डब्यातील नवा रंग उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी सहसा जुळत नाही.

मग हा न जुळणारा ठिपका लाजिरवाणा मानावा काय? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, ठाऊक असलेली गोष्ट फसविण्याच्या हेतूने दडवून ठेवणे हे कपट होय. परंतु कायदा व्यवहारापुरता बोलतो. धर्म स्वतःशी केलेल्या कपटाचाही जाब विचारतो. देवालयाच्या जीर्णोद्धारात भेग सांधणे आणि भेगेवर चुना फासणे यांतील भेद आपण जाणतोच. म्हणून आधी गंज खरवडावा, मगच रंगास हात घालावा. आणि ठिपका दिसलाच, तर खुशाल दिसू द्यावा.