मार्थेची चूल

'सबलीकरण' हा शब्द आपल्या सभासंमेलनांतून इतक्या सहजपणे वापरला जातो की, त्याचा अर्थ विचारण्याचे धाडस कुणी करीत नाही. स्त्रियांचे मंडळ काढले, त्यांना भरतकाम शिकवले, चार पदार्थ करून विकायला लावले की त्या सबल झाल्या, असे आम्ही गृहीत धरतो. परंतु जी जन्मभर रांधीत आणि शिवीत आली, तिला पुन्हा रांधायला व शिवायलाच बसवण्यात मुक्ती ती कोणती? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही.

पूर्व लंडनमधील बंगाली स्त्रियांकडे पाहिले म्हणजे तो अधिकच बोचतो. सिल्हेटकडील पुरुष जहाजांवरचे खलाशी म्हणून तेथे पोचले. बायकामुले बहुतांशी १९७० नंतर आली. ब्रिक लेन हा रस्ता करीच्या उपाहारगृहांसाठी जगभर ओळखला जाऊ लागला. तेथील भटारखान्यांत मात्र बहुतेक पुरुषच. घरी शिजणारी शुटकी म्हणजे सुकी मासळी (त्यातली लोइट्टा म्हणजे आपला बोंबीलच!) किंवा सातकोरा नावाचे लिंबाच्या जातीचे फळ घातलेले मटण त्या उपाहारगृहांच्या यादीत क्वचितच आढळे. ज्या पाककलेच्या नावावर वस्तीचा प्रपंच चालला, ती कला घरात जपणारी स्त्री हिशेबात नव्हती. बाहेर पडावे तर वंशद्वेष्ट्यांचे भय. १९७८ साली अल्ताब अली या तरुण कामगाराचा याच भागात खून झाला.

१९८० नंतरच्या दशकात तेथील स्त्रियांनी 'जागोनारी' हे केंद्र उभे केले. व्हाइटचॅपल रस्त्यावरील त्याची इमारत १९८७ साली पुरी झाली. 'मेट्रिक्स' या स्त्री वास्तुरचनाकारांच्या संघाने तिचा आराखडा केला. वीट कोणती वापरावी हे ठरवण्यासाठी त्यांनी या बायकांना शहरात हिंडवले, निरनिराळ्या इमारतींच्या विटा दाखवल्या आणि त्यांचे मत घेतले. खिडक्यांना संरक्षणासाठी जाळ्या हव्या होत्या, पण तुरुंगाची कळा नको होती. म्हणून त्या नक्षीदार केल्या. मुले सांभाळण्याचीही सोय झाली, कारण तिच्यावाचून आई वर्गाला बसणार कशी? आम्हांला त्यातली विटांची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडेही घर बांधताना गवंडी बोलतो तो घरधन्याशी.

मार्था आणि मरिया यांची लूकलिखित कथा आपण बहुधा मार्थेच्या विरुद्ध वाचतो. प्रभूने हटकले ते तिच्या स्वयंपाकाला नव्हे, तिच्या तगमगीला. योहानच्या शुभवर्तमानात हीच मार्था, भाऊ मरण पावल्यावर, प्रभूला सामोरी जाते आणि तो ख्रिस्त असल्याची कबुली देते. पुढच्याच अध्यायात ती पुन्हा वाढताना दिसते. चूल आणि श्रद्धेचा उच्चार यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी तिच्यावर आली नाही. म्हणून स्वयंपाकाला हीन लेखणारे 'प्रगत' मत आम्हांला मान्य नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कामाची थोरवी ते करणाऱ्या माणसावरून ठरवली, कामाच्या जातीवरून नव्हे.

तरीही आक्षेप पुरता फिटत नाही. बंगालची कांथा घ्या. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून, काठातले दोरे काढून, धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी. आजी ती नातवासाठी शिवते तेव्हा कुणी टाके मोजत नाही. तीच प्रदर्शनात मांडली की नमुना दुसरा कुणी ठरवतो, किंमत तिसरा, आणि देणगीदारांना दाखवायचे छायाचित्र चौथा काढतो. त्यात आजीच्या पदरी मजुरी पडते, क्वचित तीही नाही. अशा उपक्रमाला सबलीकरण म्हणणे आम्हांला जड जाते. मग तो लंडनचा असो वा कलकत्त्याचा.

आपल्या धर्मग्रामांत सणाच्या दिवशी भगिनी पहाटेपासून खपून खाद्यपदार्थांचे गाळे मांडतात. जमलेला पैसा कोणत्या निधीत जावा हे ज्या बैठकीत ठरते, तिथे त्यांतल्या किती जणींना खुर्ची असते?