तारेवरची कसरत

देवभक्तांत जसे सगुणोपासक आणि निर्गुणोपासक असे दोन पंथ आहेत, तसे ते संगीतभक्तांतही आहेत. एका पंथाला गाणं ऐकायचं असतं. दुसऱ्याला गाणं कशातून ऐकू येतंय ते ऐकायचं असतं. पहिल्या पंथाचा माणूस स्वयंपाकघरातल्या खरखरणाऱ्या रेडिओवरही मान डोलावतो आणि आमटी उतू घालवतो. दुसऱ्या पंथाचा माणूस दिवाणखान्यात डोळे मिटून पद्मासनात बसतो आणि भैरवी संपल्यावर डोळे उघडून म्हणतो, "बास जरा जास्त वाटतोय." यातला सगुण पंथ कुठला आणि निर्गुण कुठला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पहिल्या पंथातला. वाणिज्य शाखेचा पदवीधर. दहावीनंतर माझा आणि भौतिकशास्त्राचा संबंध उरला तो विजेच्या बिलापुरता. पण आमच्या शेजारचे अप्पा दुसऱ्या पंथातले, आणि भिंत दोघांत एकच असल्यामुळे त्यांच्या उपासनेचं पुण्य मलाही आपोआप लाभतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. अप्पांनी तीर्थच घरी आणलं. एक टर्नटेबल, एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर. एवढ्यावर माणसाने थांबावं की नाही? पण हाय-फायच्या नादात 'थांबणं' हा शब्दच नाही. तिथे नुसतं 'पुढचं' असतं.

आधी स्पीकरखाली फरशीचे तुकडे आले, कारण टेबल हादरतं. मग फरशीखाली रबर आलं, कारण फरशी हादरते. मग टर्नटेबलसाठी काकूंचा पोळपाट गेला, तो परत आलाच नाही. मग जमिनीवर लोळणाऱ्या तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली खोडरबरं आली. "जमिनीतली कंपनं तारेत शिरतात," अप्पा म्हणाले. मी मान हलवली. बँकेत वीस वर्षं काउंटरवर बसलेला माणूस न कळलेल्या गोष्टीवर मान फार चांगली हलवतो.

पण शेजारधर्म म्हणून मीही थोडं वाचलं, आणि जे वाचलं त्याने हिशेबी माणसाची करमणूक झाली. उदाहरणार्थ, ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर काढून १०० वॅटचा आणला तर आवाज दुप्पट होत नाही. तो ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे 'जरा मोठा झाला' एवढंच. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॅट दसपट हवेत. पगार दुप्पट व्हावा आणि घरच्यांनी "हं, जरा बरं आहे" म्हणावं, तसा हा प्रकार. दुसरं असं, की माणसाचा कान तरुणपणी २० पासून २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकतो; वयाबरोबर वरचं टोक आधी झिजतं. म्हणजे उत्तम यंत्र घेण्याइतके पैसे साठेपर्यंत ते ऐकणारा कान संपत आलेला असतो. आणि तिसरी गोष्ट दुकानदारांना पक्की ठाऊक असते. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अगदी किंचित, कळणारही नाही इतका मोठा ठेवला, तर बहुतेकांना तेच यंत्र 'चांगलं' वाटतं.

२००७ साली मायर आणि मोरान या दोघा अमेरिकनांनी एक प्रयोग छापला. अतिउच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणापुढे साध्या सीडीचा दर्जा ओळखता येतो का, हे न सांगता, न दाखवता, नुसत्या कानांनी पारखायचं. एकूण ५५४ वेळा परीक्षा झाली, बरोबर उत्तरं आली २७६. आता छापा-काटा केला असता तरी सरासरीने २७७ आली असती. म्हणजे रसिक कान आणि खिशातलं नाणं यांच्या सामन्यात नाणं एका गुणाने जिंकलं!

हे मी अप्पांना सांगितलं नाही. कारण तोवर अप्पांकडे चांदीची तार आली होती.

अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी ही तार २८ हजार रुपयांची. चांदी विजेला तांब्यापेक्षा कमी अडवते हे खरंच आहे. पण तो फरक ५-६ टक्क्यांचा. तांब्याची तार तेवढी जाड घेतली की हिशेब चुकता. पण भक्तीत टक्केवारी चालत नाही. एक मुलगा येऊन तार बसवून गेला, आणि संध्याकाळी अप्पांची हाक आली, "अरे ये लवकर! अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐक. तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या सुट्या मोजून घे!"

मारवा हा राग मोठा अवघड. त्यात षड्ज, म्हणजे ज्याच्यावर घर उभं तो खांबच, जपून वापरतात. ऐकणारा वाट बघत राहतो आणि गवय्या चुकवत राहतो. त्या संध्याकाळी षड्ज लागला तेव्हा अप्पांचे डोळे भरून आले. फोन बंद होता, पंखा बंद होता, काकूंना कुकर लावायची मनाई होती. "बघितलंस? ही तार!" अप्पा म्हणाले.

मी बघितलं ते वेगळंच. माझं पेन गडगडत कपाटामागे गेलं म्हणून मी वाकलो. तिथे जुनीच तांब्याची तार जोडलेली होती. चांदीच्या तारेची टोकं बहुधा भोकात बसली नसावीत. त्या मुलाने ती छान गुंडाळून, पिशवीत घालून कपाटामागे ठेवून दिली होती. गुडघ्यांमुळे अप्पा वाकत नाहीत. त्यामुळे साऱ्या जगात ही गोष्ट ठाऊक असलेले आम्ही तिघेच: तो मुलगा, मी आणि परमेश्वर.

आता सांगा वाचकहो, तुम्ही काय केलं असतं?

घरी येऊन मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, "अप्पांचा आनंद कुणाचं काय खातोय? राहू दे की!" मनुमहाराजांनीही अप्रिय सत्य बोलण्यातून सूट दिलेलीच आहे. उलट बाजूने धर्मराज आठवला. त्याने अर्धं सत्य सांगितलं तर रथ जमिनीला टेकला. माझ्याकडे तर स्कूटर, ती मुळातच टेकलेली. मग मला शंकराचार्य आठवले. शिंपल्यावर ऊन चमकतं आणि माणसाला तिथे चांदी दिसते, हा त्यांच्या भाष्यातला दृष्टान्त. अप्पांना तर शिंपलाही लागला नव्हता. साध्या तांब्यात चांदी ऐकू आली होती. पण डोळ्यांतलं पाणी? चांदी खोटी म्हणून तेही खोटं म्हणायचं? दोरीला साप समजून माणूस घाबरला, तर साप खोटा असतो. छातीची धडधड डॉक्टरला मोजता येते.

मी गप्प बसलो. महिना बरा गेला.

मग एके दिवशी अप्पा बँकेत माझ्याच काउंटरवर आले. हातात मुदत ठेवीची पावती. "मोडायची आहे," ते म्हणाले. "मुदतीआधी मोडली तर व्याजातला एक टक्का जाईल, अप्पा." "जाऊ दे रे. नुसत्या तारेने एवढा फरक पडला, तर नव्या अ‍ॅम्प्लिफायरने किती पडेल!"

पावती दीड लाखाची होती. ती काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेली, हे मला ठाऊक होतं. ती करताना फॉर्म मीच भरला होता. माझं मौन फुकट होतं तोवर त्याला सभ्यता म्हणता येत होतं. त्याचा खर्च दुसऱ्याच्या ठेवीतून जाऊ लागला, की ते नाव चालत नाही. "आज सिस्टिम स्लो आहे, संध्याकाळी घरी येतो," मी म्हणालो. हे वाक्य बँकेत कधीही खोटं ठरत नाही.

संध्याकाळी मी कपाटामागची पिशवी काढून अप्पांच्या मांडीवर ठेवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"मग तानपुरा?"

"जुन्याच तारेतून, अप्पा."

"आणि षड्ज?"

"तोही."

"तीस वर्षं ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे. मग आधी कधी का नाही ऐकू आला?"

उत्तर काकूंनी दिलं, तेही लसूण सोलता सोलता. "आधी तुम्ही बसत कुठे होता? रेकॉर्ड लावायची, उठायचं, खोकं हलवायचं, पुन्हा सुई मागे न्यायची. त्या दिवशी पैसे वसूल करायचे म्हणून पहिल्यांदा जागेवर बसलात."

माझ्या मते या विषयावर एवढं नेमकं कुणी बोललेलं नाही. आमच्याकडे कधी कधी एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. तेव्हा आम्ही ती रक्कम खोटी ठरवून फाडून टाकत नाही. रक्कम खरीच असते, फक्त खातं चुकीचं असतं. उलट नोंद करून ती ज्याची त्याच्या नावावर घालायची, एवढंच काम. अप्पांचा आनंद शंभर टक्के खरा होता. तो तारेच्या खात्यावर जमा झाला होता. व्हायला हवा होता कानाच्या.

आणि ही चूक महाग पडते ती पैशांमुळेच नव्हे. तारेवर आनंद जमा करत गेलं की माणसाला स्वतःच्या कानाची पत वाटेनाशी होते. प्रत्येक वेळी ऐकण्याआधी काहीतरी विकत आणावं लागतं. भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. ऐकली ती ७८ फेऱ्यांची, दर बाजूला तीनेक मिनिटं वाजणारी तबकडी. त्या खरखरीतून त्या पोराला जे ऐकू आलं, ते आज कितीही पैसे मोजून दुकानात मिळणार नाही.

याचा अर्थ सुधारणा करूच नयेत असा नव्हे. अप्पांकडून आठ दिवस काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी भिंतीला कान लावून बेचैन होतो. खरं सांगून मी त्यांचं गाणंच तोडलं की काय? नवव्या दिवशी भिंतीपलीकडून मारवा आला. तार दुकानात परत गेली होती. पैसे मिळाले नाहीत, पण क्रेडिट नोट मिळाली, आणि तिच्यातून रेकॉर्डी आल्या. ठेव शाबूत आहे. काकूंची पुढच्या महिन्याची तारीखही ठरली आहे.

ज्यांना सुधारणेशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी अप्पांची आणि माझी संयुक्त शिफारस अशी. स्पीकर भिंतीपासून दोनेक फूट पुढे ओढावेत. कोपऱ्यात कोंबले की बास फुगतो. दोन स्पीकर आणि आपण, मिळून समभुज त्रिकोण करावा. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर असावा. समोर उघडी भिंत असेल तर जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट ठेवावं. पुस्तकं वाचली नाहीत तरी आवाज शोषतात. पंखा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मग बसावं, आणि बाजू संपेपर्यंत उठू नये.

एवढं करूनही बास जास्त वाटलाच, तर खुर्ची वीतभर पुढे घ्यावी. खुर्ची सरकवायला ठेव मोडावी लागत नाही.