न आलेली हरकत

बडोद्यातल्या एका सल्लागार मंडळावर एक जागा रिकामी झाली. शहराच्या वाढीबद्दल आणि बांधकामाच्या नियमांबद्दल अभिप्राय देणं, एवढंच त्या मंडळाचं काम होतं. अभिप्राय कुणावर बंधनकारक नव्हता, पण तो जोडला गेला की फाइल झपाझप पुढे सरकायची. त्यामुळे त्या खुर्चीला मान होता आणि ती मिळावी म्हणून धडपडणारेही बरेच होते.

मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब दांडिया बाजारातले. सत्तरी ओलांडलेले, सचोटीचे. त्यांच्यासमोर तीन नावं आली. पहिले एक नामांकित वास्तुविशारद. दुसरे एक निवृत्त अधिकारी, ज्यांना नगररचनेचा कायदा कलमांसकट तोंडपाठ होता. तिसरे अण्णा. त्यांनी ओव्हरसियर म्हणून उभी हयात पावसाळी गटारांच्या कामावर काढली होती आणि सभेत बोलायची वेळ आली की ते मागच्या रांगेत जाऊन बसायचे.

भाऊसाहेबांनी कुणाचीच शिफारस मनावर घेतली नाही. मंडळापुढे जो विषय येणार होता, त्याचेच कागद त्यांनी तिघांना दिले आणि सांगितलं, ‘‘आठ दिवसांनी या. तुमचं मत सांगा.’’

विषय दिसायला लहान होता. पावसाचं पाणी विश्वामित्री नदीत नेऊन सोडणाऱ्या नैसर्गिक ओढ्यांना बडोद्यात कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस ही नावं तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. अशाच एका कांसेच्या काठावर, शहराच्या वरच्या अंगाला, मोठी गृहयोजना उभी राहायची होती. नियमाप्रमाणे कांसेच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी सोडावी लागते. प्रस्ताव असा होता की, कांस काँक्रीटच्या पेटीत बंद केली तर ही पट्टी अर्ध्यावर आणायला मुभा असावी. त्यासाठी नियमात एका ओळीची दुरुस्ती पुरणार होती.

आठ दिवसांनी तिघेही आले. वास्तुविशारदांनी सुरेख चित्रं आणली होती. पेटीवर हिरवळ, हिरवळीवर बाकं, बाकांवर आजी-आजोबा. ‘‘आज तिथे कचरा आणि डास आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या तिथे बाग असेल.’’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना शहर खरोखरच देखणं व्हायला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. ‘‘1976 च्या कायद्याने लोकांना हरकती आणि सूचना मांडायचा हक्क दिला आहे. जाहिरात वर्तमानपत्रांत आली, फलकावर लागली. दोन महिन्यांची मुदत उलटून गेली. आलेल्या हरकती, शून्य. भाऊसाहेब, ज्या बदलाला एकाही नागरिकाचा विरोध नाही, तो आपण का अडवायचा?’’ तेही प्रामाणिकपणे बोलत होते.

अण्णांनी फक्त एक प्रश्न विचारला. ‘‘ही जाहिरात कांसेच्या शेवटी कुणी वाचली का?’’

‘‘शेवटी म्हणजे?’’

‘‘जिथे कांस नदीला मिळते तिथे. मी अजून पोचलो नाही तिथवर. मला आणखी आठ दिवस द्या.’’

वास्तुविशारद हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी मुदत दिली.

चालत जाऊन शहर समजून घ्यायची ही रीत बडोद्याला नवी नाही. 1916 मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाने बडोद्याच्या विकासावर आणि विस्तारावर अहवाल लिहिला. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्याचा दंडक होता. रोग ओळखल्यावाचून शस्त्र चालवू नये, जुनं सरसकट पाडण्याऐवजी जपून दुरुस्त करावं, असं तो सांगत राहिला. डास होतात म्हणून तलाव बुजवायचा आग्रह त्या काळात जागोजागी होता. बुजवण्यापेक्षा ते स्वच्छ राखा, असं त्याने हिंदुस्थानातल्या आपल्या अहवालांमधून आवर्जून मांडलं. अण्णांनी गेडिस वाचला नव्हता. पण पाण्याचं काम केलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते, की पाण्याबद्दलची चौकशी ते जिथे साचतं तिथून सुरू करावी.

म्हणून अण्णा शेवटापासून निघाले. नदीकाठच्या वस्तीतून कांसेच्या कडेकडेने उलटे वर चढत गेले. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक सोसायटीत त्यांनी एकच गोष्ट विचारली, ‘‘ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं?’’ 2024 च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी, त्यात आजवा तलावाचं पाणी, त्यात शहरावर कोसळणारा पाऊस. पूर ओसरायला काही दिवस लागले होते आणि भिंतींवर रेघा राहिल्या होत्या. अण्णा टेप लावून त्या रेघा मोजत होते, वहीत लिहीत होते.

पुढच्या बैठकीत त्यांनी एक लांब कागद पसरला. कांसेची रेघ, तिच्या काठावरची घरं आणि प्रत्येक घरापाशी पाण्याची उंची. आकडे वरून खाली वाढत गेले होते. गृहयोजनेच्या जागेपाशी घोटाभर पाणी, मध्यावर गुडघाभर, शेवटच्या वस्तीत छातीच्या वर.

‘‘आपण चर्चा करतोय त्या जागेला काही धोका नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तिथलं पाणी उतारावर आहे, ते निघून जातं. आज ती मोकळी पट्टी थोडं पाणी पिते, थोडं अडवून धरते. पेटी केली की पाणी थांबणार नाही, धावत खाली येईल. आणि खाली नदी भरलेली असली तर कांसेचं तोंड बंद. नदी उलट आत शिरते. मग वरून आलेलं आणि नदीतून आलेलं, दोन्ही पाणी शेवटच्या वस्तीत उभं राहतं. हे कागदावर नीट कळायचं नाही. माझी एक विनंती आहे. आजची बैठक इथून उठवून तिथे भरवू या.’’

अधिकारी म्हणाले, ‘‘असा प्रघात नाही.’’

‘‘प्रघात नाही, पण मनाईही नाही,’’ भाऊसाहेब म्हणाले आणि उठले.

वस्ती नदीच्या पुलाच्या पलीकडे होती. शेवटच्या घरात भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, लावणाऱ्या एक मासी राहत होत्या. दुपारची वेळ, लारी दारातच उभी होती आणि मासी मेथीच्या जुड्या पाणी मारून ओल्या फडक्याखाली ठेवत होत्या. पाहुणे पाहून त्यांनी खाटेवरची गोधडी झटकली. खाटेचे चारही पाय विटांवर चढवलेले होते.

अण्णांनी काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे बोट केलं. बोर्ड जवळपास छताला टेकला होता. त्याच्या खाली भिंतीत सिमेंटने बुजवलेले चौकोनी डाग होते, एकाखाली एक.

‘‘सगळ्यात खालचा बोर्ड पहिला,’’ मासींनी सांगितलं. ‘‘2014 ला पाण्यात गेला, मग वर घेतला. 2019 ला तोही गेला, आणखी वर घेतला. ऑगस्टमध्ये तोही गेला. आता इतका वर आहे की दिवा लावायला पोरीला स्टुलावर चढावं लागतं.’’

वास्तुविशारद त्या डागांपाशी जाऊन उभे राहिले. सगळ्यात वरचा डाग त्यांच्या खांद्याच्या वर होता. ते बराच वेळ तिथेच होते.

अधिकाऱ्यांना मात्र एक गोष्ट समजत नव्हती. त्यांनी गुजरातीतून सौम्यपणे विचारलं, ‘‘मासी, नियम बदलायची जाहिरात निघाली होती. दोन महिने मुदत होती. तुम्ही, तुमच्या वस्तीतल्या कुणीच हरकत का नाही घेतली?’’

मासींनी जाहिरात पाहायला मागितली. त्यांच्या मुलीने ती मोठ्याने वाचली. गावाचं नाव, सर्व्हे नंबर, कलम, पोटकलम. वाचून झाल्यावर मासी म्हणाल्या, ‘‘ही तर वरच्या गावाची जमीन आहे, साहेब. आमचं नाव यात कुठे आहे? दुसऱ्याच्या जमिनीत आम्ही हरकत कशी घेणार?’’

अधिकाऱ्यांनी जाहिरातीचा कागद मुलीच्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच वाचतोय असा वाचला. जाहिरात कायद्याप्रमाणे बिनचूक होती. त्यात जिथे इमारत होणार त्या जागेचा नंबर होता. जिथे पाणी जाणार त्या जागेचा नव्हता. ज्यांचं काही जाणार नव्हतं त्यांना विचारलं गेलं होतं आणि ज्यांच्या घरात पाणी शिरणार होतं त्यांना तो कागद आपला वाटलाच नव्हता. शून्य हरकती या दोन शब्दांत ही सगळी वस्ती बसली होती.

परतताना भाऊसाहेब गाडीत बोलू लागले. ‘‘सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधायला घेतला 1885 मध्ये. जगन्नाथ सदाशिवजी त्यांचे इंजिनिअर. पाच वर्षांत तलाव पुरा झाला आणि पुढे त्याचं पाणी उताराच्या जोरावर शहरात आलं. तेव्हा बडोद्याची वस्ती लाख-सव्वा लाख असेल. तलाव आखला तो तीन लाख माणसांच्या तहानेचा हिशोब धरून. त्या जादा लोकांपैकी कुणी अर्ज केला होता? ते जन्मालाही आले नव्हते. तरी त्यांचा पाण्याचा वाटा कुणीतरी धरला. म्हणून आजही शहराचा पूर्व भाग आजव्याचं पाणी पितो.’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘समोर बसलेल्याचं ऐकायला मंडळ कशाला हवं? तो आपलं म्हणणं आपणच सांगतो. जो समोर नाही त्याच्यासाठी मंडळ हवं.’’

मंडळाने दुरुस्तीच्या विरोधात अभिप्राय दिला. सगळं गोड झालं असं नाही. योजनेच्या मालकांचं नुकसान झालं, काही सदनिका कमी झाल्या, कामाला उशीर झाला आणि भाऊसाहेबांना चार चौघांत बोलणी खावी लागली. पण वास्तुविशारदांनी आपणहून नवा नकाशा काढून दिला. इमारती मागे सरकवल्या, कांस उघडी ठेवली, पट्टीवर झाडं धरली. बाकं त्याही नकाशात होती, फक्त पावसाळ्यात पाण्याखाली जातील तिथे नव्हती. अधिकाऱ्यांनी मंडळाच्या कामकाजात एक नवी पद्धत लिहून घेतली. नियमबदलाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत एक नकाशा हवा, त्यात त्या बदलाचं पाणी, वाहतूक, सांडपाणी किंवा सावली कुठवर पोचते ते दाखवलेलं हवं आणि शेवटच्या टोकाला जाहिरात लोकांच्या भाषेत वाचून दाखवलेली हवी. कायद्याने हे मागितलं नव्हतं. कायदा कमीत कमी काय करायचं ते सांगतो. त्याच्या पुढचं माणसाने करायचं असतं, हे त्यांना त्या घरात उमगलं होतं.

रिकाम्या खुर्चीवर अण्णांची नेमणूक झाली. भाऊसाहेबांनी विचारलं, ‘‘काही अट आहे का?’’

‘‘एकच,’’ अण्णा म्हणाले. ‘‘बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असावा. हा विषय कुणाच्या दारात जाऊन संपतो? त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचं नाही.’’

या मंडळाची आणि या माणसांची गोष्ट कल्पनेतली आहे. कांस, पूर, आजवा आणि कायदा मात्र खरे आहेत. 2017 पासून गुजरातभर सामायिक विकास नियम लागू आहेत. शहरं वाढतात तसे नियम बदलतात आणि बदलायलाही हवेत. प्रत्येक बदलामागे कुणीतरी मागणी करणारा असतो. तो शिकलेला असतो, त्याला कार्यालयाचा पत्ता ठाऊक असतो, त्याच्याकडे वकील असतो. त्याने मागणं यात काही वावगं नाही. वावगं होतं ते तेव्हा, जेव्हा ऐकणारा फक्त त्याचंच ऐकतो आणि बाकीच्यांच्या गप्प राहण्याला होकार समजतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. पण ज्याचं जळणार आहे त्याला पुष्कळदा आधी कळतच नाही, आणि कळतं तेव्हा मुदत संपलेली असते.

तात्पर्य : हरकत आली नाही म्हणजे संमती मिळाली, असं नाही. सल्लागार नेमावा तो जे हजर नाहीत त्यांची बाजू शोधून आणणारा. आणि नियम बदलावा तो, ज्याच्या दारात त्या बदलाचं ओझं उतरणार आहे त्याला आधी विचारून.