माळ आणि गोगलगाय



संतसज्जनहो, निरूपणास अभंग घ्यावा हा आमचा परिपाठ. या खेपेस मात्र गोगलगाय घेतली आहे. हंसावयाचें असेल त्यांनीं आधींच हंसून घ्यावें. पण ज्यांचें रान लातूर, बीड, धाराशिव या भागांत आहे, ते हंसणार नाहींत. २०२२ सालच्या पावसाळ्यांत सोयाबीन नुकतें दोन-चार पानांवर आलें होतें, आणि एका रात्रींत ओळीच्या ओळी नाहींशा झाल्या. सकाळीं पाहावें तों बांधाच्या दगडांखालीं, गवताच्या बुडाशीं, मुठीएवढ्या शंखी गोगलगायी चिकटून बसलेल्या. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणें पुन्हा विकत आणायचें म्हणजे काय, तें ज्याचें त्यालाच ठाऊक.

त्या सालीं ज्येष्ठाच्या अखेरीस त्या भागांतल्या एका गांवीं माझें कीर्तन होतें. आधींचीं दोन वर्षें पादुका मोटारीनें पंढरीस गेल्या होत्या; त्यानंतर प्रथमच पायीं वारीची वाट मोकळी झाली होती. गांवची दिंडी निघण्याच्या बेतांत, सारे आनंदांत. कीर्तन संपलें, लोक पायां पडूं लागले, तेवढ्यांत एक पिढीजात माळकरी शेतकरी पुढें आला. म्हणाला, “महाराज, समदं रान गोगलगायीनं खाल्लं. वेचून माराव्यात म्हनतो. पन गळ्यात माळ हाये. काय करू?”

मीं काय करावें? थांबून विचार करावा कीं नाहीं? पण कीर्तनकाराच्या जिभेवर दृष्टांत आयता असतो, हाच त्याचा रोग. तुकोबारायांना शेत राखावयास बसविलें, त्यांनीं पांखरांना दाणे खाऊं दिले आणि देवानें रास भरून दिली, ती कथा मीं त्याला सांगितली. आणि वर म्हणालों, “भूतदया सोडूं नका.” त्यानें सारें शांतपणें ऐकून घेतलें. जातां जातां एवढेंच म्हणाला, “त्यांचं देवानं भरून दिलं, महाराज.” बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर बरें झालें असतें. मी तेथेंच जागा झालों असतों.

श्रावणांत सप्ताहासाठीं पुन्हा त्याच गांवीं जाणें झालें. त्याच्या घरीं फराळाला गेलों तों देवघराशेजारीं खुंटीला तुळशीची माळ लोंबत होती. माळकऱ्याच्या घरांत माळ खुंटीला दिसली कीं छातींत धस्स होतें. मीं त्याच्या कुटुंबाला विचारलें, “माउली, कुणाची ही?” ती म्हणाली, “त्यांचीच. रातच्याला काढून ठिवत्यात आन् बॅटरी घिऊन रानात जात्यात. बादलीभर येचून आनत्यात, मिठाच्या पान्यात टाकत्यात. मग आंगूळ करून माळ घालत्यात. आज आजून रानातच हायेत.”

त्या घरीं मला घास गिळवेना. पहिली पेरणी गेली होती, वारी चुकली होती, आणि हें सारें करून तो माणूस रोज रात्रीं चार तास स्वतःला वारकरी समजत नव्हता. माळ कुणी काढविली? मीच. माझ्या आयत्या दृष्टांतानें.

आतां ही गोगलगाय कोण, तें आधीं पाहूं. ‘गोगलगाय अन् पोटांत पाय’ ही म्हण आपण वरून गरीब पण आंतून कावेबाज अशा माणसाला लावतों. गोगलगायीवर हा अन्यायच आहे, कारण तिच्या पोटांत पाय लपविलेला नाहीं. तिचें पोट हाच तिचा पाय. प्राणिशास्त्रांत या साऱ्या गणाला नांवच मुळीं ‘उदरपाद’ असें आहे. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, वरच्या शिंगांच्या टोंकाला डोळे. जिभेवर बारीक दांतांच्या रांगा, कानशीसारख्या. आणि स्त्री-पुरुष दोन्ही एकाच देहांत. अर्धनारीनटेश्वर म्हणा हवें तर. एका वेळीं शंभरावर अंडीं ती भुसभुशीत मातींत घालते, आणि वर्षांतून अनेकदां घालते. पाणी आटलें कीं शंखाच्या तोंडाला झांकण लावून मातींत निजते, ती महिनेच्या महिने. पहिल्या पावसाला उठते. म्हणजे ज्या पावसासाठीं आपण आभाळाकडे पाहतों, त्याचीच वाट तीही पाहत असते.

ही आपल्या देशींची नव्हे. तिचें मूळ पूर्व आफ्रिकेंत. शंखशिंपल्यांचा शोक असलेल्या विल्यम बेन्सन नांवाच्या साहेबानें १८४७ सालीं ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील बागेंत सोडली. कौतुकानें सोडलेली दोन-चार जनावरें कुठवर आलीं पाहा!

पण परकी म्हणून तिचा जीव हलका ठरत नाहीं. शिवाय एक गोष्ट आपण विसरतों. पांडुरंगाच्या डाव्या हातांत जो शंख आहे, तो याच गणांतला. मन्नारच्या आखातांत, तुतिकोरीन-रामेश्वराकडे, पाणबुडे बुडी मारून समुद्राच्या तळाचे शंख काढतात. त्यांत जीव असतो. तो काढून टाकतात, घर धुतात, शेंडा कापतात, मग तो आपल्या देव्हाऱ्यांत येऊन वाजतो. वैद्यबुवांची शंखवटी आणि शंखभस्म हेंही तेथूनच. (दक्षिणावर्ती शंखाच्या नादीं लागून पैसे घालविणाऱ्यांना सहज सांगून ठेवतों: तसा खरा शंख अति दुर्मिळ. बाजारांत त्या नांवानें खपतो तो बहुधा अमेरिकेच्या समुद्रांतला, निराळ्याच जातीचा.) एक शंख देवाच्या हातांत आणि दुसरा आमच्या बादलींत! ज्यानें दोघांना घरें दिलीं तो एकच. मग आरतीला शंख फुंकणाऱ्या मीं त्या शेतकऱ्याला भूतदया शिकवावी, हें कितपत शोभतें?

लहानपणीं गुरुजींपाशीं धर्मशास्त्र वाचलें, तेव्हां पंचसूना घोकल्या होत्या. चूल, जातें, केरसुणी, उखळ, पाण्याचा घडा हीं गृहस्थाच्या घरचीं पांच वधस्थानें होत, असें मनु सांगतो. नांगराविषयीं तर तो उघडच म्हणतो कीं, लोखंडी तोंडाचें हें लांकूड भूमीला आणि भूमींत राहणाऱ्या जीवांनाही मारतें. म्हणजे ज्या दिवशीं पहिलें तास निघालें, त्या दिवसापासून भाकरींत हिंसा आहे. शास्त्रानें ती लपविली नाहीं. तिचें नांव घेतलें आणि तिच्या दोषासाठीं नित्याचे पांच यज्ञ सांगितले. घोकलें होतें सारें, पण त्या गर्दींत आठवलें नाहीं. पाठांतराचें हें असें असतें.

आणि माउली! ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायांत अहिंसेचें निरूपण आहे, तें सावकाश काढून वाचा. एक जीव मारून दुसरा जगवायचा आणि त्यालाच अहिंसा म्हणावयाचें, या पंडिती चातुर्याची माउलींनीं तेथें चांगलीच हजेरी घेतली आहे. आयुर्वेदालाही सोडलें नाहीं. मग खरा अहिंसक पायाखालच्या किड्यामुंगीलाही किती जपून चालतो, तें सांगितलें आहे. तें वाचून मला वाटतें तें असें: मारावें लागलें तर मारलें असें म्हणावें. त्याला कीड-नियंत्रण म्हणून मोकळें होऊं नये, धर्म म्हणून मिरवूं नये, आणि माळ खुंटीला लावून ‘तो मी नव्हेच’ असेंही करूं नये. माळ काढली कीं चार तास पांडुरंग पाहत नाहीं, असें थोडेंच आहे? उलट माळ गळ्यांत असली कीं हात जपून चालतो. दहांत भागत असेल तेथें अकरावी मारवत नाहीं.

हें सारें त्या रात्रीं मीं त्याच्या अंगणांत बसून त्याला सांगितलें. आणि आधीं चुकीचें सांगितल्याबद्दल हात जोडले. तो बिचारा संकोचला. मग पुष्कळ वेळ निव्वळ शेतीचें बोलणें झालें. त्याला माझ्याहून अधिक माहिती. उन्हाळ्यांत खोल नांगरट केली कीं मातींतलीं अंडीं आणि निजलेल्या गोगलगायी उन्हावर पडतात. बांध स्वच्छ ठेवले कीं दडावयाला जागा राहत नाहीं. कडेनें चुन्याचा पट्टा ओढला कीं त्या ओलांडावयास कचरतात. गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं पोतीं संध्याकाळीं रानांत टाकावीं, रात्रींतून त्या खालीं गोळा होतात, सकाळीं वेंचाव्या. मात्र उघड्या हातांनीं नव्हे, कारण त्यांच्यांतला एक कृमी माणसाच्या मेंदूला बाधतो. विषारी गोळ्याही मिळतात. पण त्या कुत्र्यानें, पांखरानें खाल्ल्या तर तेही जातात. हाताचें काम चुकवावयाचें म्हणून आधींच त्यांच्यावर जाऊं नये, असें त्याचेंच म्हणणें पडलें. मीं एवढेंच सुचविलें कीं, मिठांत त्या फार वेळ तडफडतात. उकळतें पाणी ओतावें, क्षणांत सुटतात.

यावरून आठवलें. पाऊस पडला कीं पोरें गोगलगायीवर चिमूटभर मीठ टाकतात आणि फेंस कसा येतो तें पाहत टाळ्या पिटतात. आईबाप पाहून न पाहिल्यासारखें करतात. बादलीभर मारणारा तो शेतकरी आणि चिमूटभर मीठ टाकणारें तें पोर, यांत मला काळजी पोराची वाटते. त्याचा हात धरा. रागावूं नका, पण धरा.

कार्तिकीला तो पंढरींत भेटला. दुबार पेरणीचें सोयाबीन निम्मेंच आलें होतें. चंद्रभागेच्या वाळवंटांत बसलों असतां त्यानें सदऱ्याची गुंडी काढून गळ्यांतली माळ दाखविली. बांधावर चुना टाकतांना पुढचे चार मणी पांढरे पडले होते, घांसून निघाले नव्हते. “नवी घालाल का, महाराज?” त्यानें विचारलें. मीं माळ गळ्यांतच फिरवून गांठ पाहिली.

“कशाला?” मीं म्हटलें. “गांठ पक्की आहे.”